अद्भुतकथा, शालेय वाचनातील

अद्भुतकथा, शालेय वाचनातील : वेताळ, बोलक्या पुतळ्या, मंत्रसिद्धी, कायापालट इ. अलौकिक गोष्टींवर रचलेल्या लोकप्रिय कथा-कादंबऱ्यांचा नेमलेल्या वाचनात केलेला उपयोग. मराठीत हा उपयोग मुद्रित गद्याच्या आरंभापासून आढळतो. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकविण्यासाठी वैजनाथ शर्मा ह्यांनी विल्यम कॅरी ह्यांच्या देखरेखीखाली सिंहासनबत्तिशी  सिद्ध केली. ती १८१४ मध्ये श्रीरामपूर येथे छापली गेली. मुंबईत १८२२ मध्ये शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. तिच्या कार्याशी निगडित असलेल्या सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी इसपनीति  व बाळमित्र (१८२८) ह्या बोधपर पुस्तकांपाठोपाठ वेताळपंचविशीही (१८३०) मराठीत आणली.

पुढे मेजर टॉमस कँडी ह्यांच्या देखरेखीखालील क्रमिक पुस्तकांत नीती व उपयुक्त माहिती ह्यांना प्राधान्य मिळाले आणि अद्भुतकथा शाळेबाहेर वाढली. शिक्षणखात्यातील कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्यांनी सुरू केलेले ‘अरबी’ गोष्टींचे भाषांतर, ल. मो. हळबे ह्यांची मुक्तामाला (१८६१) व ना. स. रिसबूड ह्यांची मंजुघोषा (१८६८) ह्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. का. बा. मराठे ह्यांनी आपल्या निबंधात (१८७२) असल्या कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर टीका केली.

ह्याच काळात शाप व पुनर्जन्म ह्यांवर उभारलेल्या बाणभट्टाच्या कादंबरीला  संस्कृतच्या अध्ययनात मानाचे स्थान होते. पीटर पीटर्सन ह्यांनी संपादिलेली तिची आवृत्ती १८८३ मध्ये मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघाली. मराठीतील ‘कादंबरी’ ही संज्ञाही तिच्याच नावावरून रूढ झाली. ह्यावरून आक्षेप केवळ अद्भुताला नव्हता, तर प्रतिष्ठा न लाभलेल्या लोकप्रिय वाङ्‌मयालाही होता, असे दिसते.

नाथमाधवांची वीरधवल (१९१३) ही कादंबरीही मुख्यतः आवडीने वाचली गेली, नेमणुकीने नव्हे. पाठ्यपुस्तकात कादंबरीतील उतारा घेण्याची प्रथा आहे. उताऱ्याने भाषेचा परिचय होतो. तथापि अद्भुतकथेचे बळ प्रसंगामागून प्रसंग वाढत जाणाऱ्या उत्कंठेत असते व ते उताऱ्यात उतरत नाही. संपूर्ण पुस्तक नेमल्यास ही उणीव दूर होते. परंतु प्रश्नोत्तरे व गुण ह्यांच्या बंधनामुळे स्वेच्छावाचनाचा आनंद ओसरण्याचा संभव असतो. अद्भुतकथेला शाळेत स्थान देताना हा पेच सोडवावा लागतो.