समुद्रांतून आणलेली साक्ष

धनुष्यांतून सुटलेला बाण परत येत नाहीं, असें आपल्याकडे फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत. अंतराळांत यानें नेणाऱ्या अग्निबाणांच्या बाबतींत हें म्हणणें विसाव्या शतकांत पुष्कळ वर्षें अक्षरशः खरें होतें. यानाला वर पोंचवावें आणि पोंचविणाऱ्यानें स्वतः समुद्राच्या तळाशीं जावें, असाच क्रम असे. वेर्नर फॉन ब्राउन या शास्त्रज्ञानें १९५२ सालीं ‘कॉलियर्स’ या अमेरिकन नियतकालिकांत निराळी कल्पना मांडली. अग्निबाणाचे खालचे भाग छत्र्यांच्या साहाय्यानें समुद्रांत उतरवावे व जहाजांनीं ते परत ओढून आणावे, अशी ती कल्पना होती. ती प्रत्यक्षांत उतरण्यास जवळजवळ तीस वर्षें लागलीं.

१२ एप्रिल १९८१ रोजीं फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून ‘कोलंबिया’ हें यान दोन माणसांसह अंतराळांत गेलें. त्याच्याबरोबर घन इंधनाचे दोन अग्निबाण जोडलेले होते. प्रत्येकाची लांबी १४९ फूट व व्यास १२ फूट होता. सुमारें दोन मिनिटांत इंधन जळून संपे. मग रिकामीं झालेलीं नळकांडीं यानापासून सुटत आणि किनाऱ्यापासून सुमारें १४० मैलांवर अटलांटिक महासागरांत पडत. तीन प्रचंड छत्र्या उघडूनहि पडण्याचा वेग ताशीं ५० मैलांच्या आसपास असे. नळकांडें खालच्या तोंडानें पाण्यांत शिरे, आंतली हवा आंतच कोंडली जाई, आणि पाण्यांत उपड्या धरलेल्या तांब्याप्रमाणें तें उभेंच तरंगत राही.

‘लिबर्टी स्टार’ व ‘फ्रीडम स्टार’ या नांवांनीं पुढें ओळखलीं गेलेलीं दोन जहाजें या कामासाठींच बांधलेलीं होतीं. प्रत्येकानें एक नळकांडें आणावयाचें, अशी वांटणी होती. प्रथम छत्र्या मोठ्या रिळांवर गुंडाळून घेत. नंतर पाणबुडे लहान होडीनें नळकांड्याजवळ जात. खरें अवघड काम त्यांचेंच. पाण्यांत सुमारें शंभर फूट खोल असलेल्या तोंडांत त्यांना बूच बसवावें लागे. मग जहाजावरून नळीनें हवा भरली म्हणजे आंतलें पाणी बाहेर पडे, तें उभें धूड हळूहळू कलंडे आणि ओंडक्यासारखें आडवें होई. तें ओढीत जहाज केप कॅनाव्हेरलकडे परते. वाटेंतील बनाना नदींत समुद्रगाई राहतात. त्यांना फिरत्या पंख्याची इजा होऊं नये म्हणून जहाजांस पाण्याच्या झोतावर चालणारें यंत्रहि बसविलेलें होतें.

किनाऱ्यावर नळकांडीं धुऊन, सुटीं करून, रेल्वेनें युटा संस्थानांतील कारखान्याकडे पाठवीत व तेथें तीं पुनः भरीत. २७ जून १९८२ च्या उड्डाणांत मात्र छत्र्या सोडविणारी योजना वेळेपूर्वींच चालू झाली, आणि दोन्ही नळकांडीं बुडालीं. त्यांच्यापाशीं त्या उड्डाणाची जी हकीकत होती, तीहि त्यांच्याबरोबर बुडाली. २०११ सालीं हीं उड्डाणें संपलीं तोंवर २७० नळकांडीं उडालीं होतीं. त्यांपैकीं चारच अशीं गेलीं.

या खटाटोपाचा मूळ हेतु काटकसरीचा होता. परंतु समुद्रांतून परत येत होतें तें केवळ जुनें भांडें नव्हतें. घडल्या गोष्टीचा तो साक्षीदार होता. नळकांडें अनेक तुकडे जोडून केलेलें असे. सांध्यांतून जळता वायु बाहेर पडूं नये म्हणून तेथें रबराच्या दोन वाटोळ्या कड्या घालीत. नोव्हेंबर १९८१ मधील दुसऱ्याच उड्डाणानंतर सांधे उघडून पाहतां एक कडी वायूनें झिजलेली आढळली. जानेवारी १९८५ मधील उड्डाण कडक थंडीनंतर झालें. त्या वेळीं पहिल्या कडीच्या पलीकडे काळी काजळी गेलेली दिसली. कारखान्यांतील रॉजर बॉइजोली या इंजिनिअरनें ती स्वतः पाहिली. ३१ जुलै १९८५ रोजीं त्यानें वरिष्ठांस लेखी कळविलें कीं, हा दोष दूर न केल्यास मनुष्यहानीचा प्रसंग ओढवेल.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्रीं, गारठा वाढत असतां, टेलिफोनवर मोठी चर्चा झाली. इंजिनिअरांनीं उड्डाण थांबविण्यास सांगितलें. व्यवस्थापकांनीं तो सल्ला फिरविला. दुसऱ्या दिवशीं ‘चॅलेंजर’ यान ७३ सेकंदांत आकाशांत फुटलें आणि त्यांतील सातहि जण मृत्यु पावले. मग जहाजें पुनः समुद्रावर गेलीं. एप्रिल महिन्यांत उजव्या अग्निबाणाचा एक तुकडा तळावरून वर आला. सांध्यापाशीं जळून पडलेलें भोंक त्यांत स्पष्ट होतें. परत आलेल्या नळकांड्यांनीं जें आधींच सांगितलें होतें, तेंच या तुकड्यानेंहि सांगितलें. मधल्या काळांत सात माणसें मात्र गेलीं होतीं. सांध्याची रचना बदलून व तिसरी कडी घालून २९ सप्टेंबर १९८८ रोजीं उड्डाणें पुनः सुरू झालीं.

पुढें ‘स्पेसएक्स’ या अमेरिकन कंपनीनें दुसरी वाट धरली. अग्निबाणानें स्वतःच्याच यंत्रांच्या जोरावर, समुद्रांतील सपाट पडावावर, म्हणजे बार्जवर, उभें उतरावें अशी ही योजना. पडावाची लांबी सुमारें ३०० फूट, आणि उतरण्याच्या वेळीं त्यावर एकहि माणूस नसतो. १० जानेवारी २०१५ रोजीं दिशा राखणाऱ्या पंखांचें तेल संपलें व अग्निबाण पडावावर आदळला. पुढच्या खेपेस तेल अधिक घेतलें. त्या एप्रिलांत दुसरा बाण पडावावर टेकला, पण कलंडला. ८ एप्रिल २०१६ रोजीं मात्र एक बाण स्थिर उभा राहिला, आणि तोच ३० मार्च २०१७ रोजीं पुनः उडाला. या अपयशांत कोणाचा जीव धोक्यांत नव्हता. त्यामुळें तें कबूल करणें सोपें गेलें, हेंहि विसरतां येत नाहीं.

सुटलेला बाण परत आणण्याची विद्या मनुष्यानें अशा रीतीनें साध्य केली. पाणबुड्यांनीं खोल पाण्यांत जाऊन बूच बसविलें, इंजिनिअरांनीं सांधे उघडून काजळी पाहिली. दोघांनींहि आपापलें काम चोख केलें होतें. उणीव राहिली ती त्या काजळीचा अर्थ मान्य करण्यांत. तो मान्य करण्यास जहाज लागत नाहीं, पाणबुडाहि लागत नाहीं. गैरसोयीचें सत्य वेळेवर ऐकून घेणारा माणूस मात्र लागतो.