राजदूतपासून इंजेक्शनपर्यंत : मोसम खोऱ्यातल्या गाड्या

आज फवारणी-खताचं काही नाही. वापसा यायला अजून दोन दिवस आहेत, तेवढ्यात एक जुना विषय लिहून घेतो. मोटरसायकल. शेतीच्या पेजवर गाडी कशाला, असं कुणी म्हणेलही. पण औत, पंप, ट्रॅक्टर मोजताना मोटरसायकल सोडली तर आपल्या भागातल्या गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या शेतीचा हिशोब लागत नाही, असं माझं मत आहे.

नामपूर मार्केटला कांद्याच्या लिलावाच्या दिवशी बाहेर लावलेल्या गाड्यांच्या नंबर प्लेट वाचून बघा. 'एम'पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरी नंबरची गाडी आता एखादीच. मग एमएच १५, म्हणजे नाशिक पासिंग. मग मालेगावचं आरटीओ झाल्यानंतरच्या एमएच ४१. त्यात काही सालांच्या गाड्या जरा जास्तच दिसतात. १९९८ च्या दिवाळीच्या सुमारास कांदा इतका चढला की दिल्लीतलं सरकार निवडणूक हरलं, त्याचं एक कारण कांदा होता. २०१० चा डिसेंबर, २०१३ चा पावसाळा, २०१९ ची थंडी, ही तशीच वर्षं. त्या वेळी ज्याच्याकडे विकायला माल होता त्याच्या दारात गाडी आली. गावात अजून म्हणतात, "ही कांद्याची गाडी, ती डाळिंबाची."

पण सुरुवात त्याच्या फार आधीची आहे. बुलेट मद्रासला १९५५ पासून तयार व्हायला लागली. ती लष्कराची, पोलिसांची आणि मोठ्या बागाईतदाराची. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, त्यामुळे दुसऱ्याची बुलेट मागून नेणारा पहिल्याच वळणावर गडबडायचा. म्हैसूरला १९६१ पासून जावा बनू लागली, तीच पुढे येझदी झाली. तिची किक आणि गिअर एकच दांडी. आत दाबून उभी केली की किक, पुन्हा खाली पाडली की गिअर. पोरं ती बघायला गोळा व्हायची.

शेतकऱ्याची खरी गाडी मात्र राजदूत. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची. मूळ डिझाइन पोलंडच्या एसएचएल गाडीचं, साठच्या दशकाच्या सुरुवातीला इकडे आलं. याच कंपनीचे सुरुवातीचे ट्रॅक्टरही पोलंडच्याच उर्ससच्या सहकार्याने बनलेले. १७३ सीसी, टू स्ट्रोक, दिसायला साधी आणि अंगाने भक्कम. दोन्ही बाजूला दुधाचे कॅन, मागे पेंडीचं पोतं, तरी चढ चढायची. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूरने लहान चाकांची राजदूत चालवली, म्हणून त्या मॉडेलचं नाव लोकांनी 'बॉबी'च ठेवलं. दिसायला झकास, पण आपल्या कामाची नाही. कॅन लावला तर खाली घासायचा.

राजदूतने आपल्या लोकांना इंजिन शिकवलं. टू स्ट्रोकला इंजिन ऑइलची वेगळी सोय नसते, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला साधारण ४० मिली. मग टाकी धरून गाडी हलवायची. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम. जास्त पडलं तर प्लग काळा आणि सायलेन्सर तुंबलेला. प्लग काढून त्याचा रंग बघायचा. तपकिरी असेल तर तब्येत उत्तम. काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त जातंय. पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय. पान बघून नत्र कमी की लोह कमी हे आपण ओळखतो ना, अगदी तसंच. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास लागते. फिलर गेज गावात कुणाकडे असणार? पोस्टकार्डाचा तुकडा घालून अंदाज घ्यायचा, पॉलिश पेपर मारायचा, किक मारून ठिणगी बघायची. सायलेन्सरच्या आतली नळी कार्बनने बुजली की चुलीत लाल करायची आणि दगडावर आपटायची. बाया ओरडायच्या, पण दुसऱ्या दिवशी गाडीचा आवाज मोकळा व्हायचा आणि गाडी पळायची सुद्धा.

यात कष्ट होते तसा आनंदही होता, तो सांगितल्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहील. संध्याकाळी ओट्यापुढे गाडी स्टँडवर लावलेली, गोणपाटावर पाने-पक्कड, घमेल्यात रॉकेल, त्यात चेन भिजत घातलेली. येणारा-जाणारा थांबायचा, "कथा चालना रे भो?" विचारून खालीच बसायचा. एक जण जेट फुंकतोय, दुसरा क्लच वायरीला ऑइल सोडतोय, तिसरा नुसताच सल्ले देतोय. पहिल्या किकला गाडी लागली की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे. दसऱ्याला झेंडूची माळ बैलाच्या औजारांना पडायची तशीच हँडलला. बोअर मारायचं, नवीन पिस्टन-रिंग टाकायची म्हणजे मालेगावची फेरी ठरलेली. ज्या पोरांनी राजदूतचा कार्बोरेटर उघडला तेच पुढे विहिरीवरचं इंजिन आणि एचटीपी पंप दुरुस्त करायला लागले. शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं.

१९७२ साली, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्याच वर्षी, नगरच्या फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. ५० सीसी, पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी. गुरुजी, ग्रामसेवक, शिवणकाम करणाऱ्या ताई, ज्यांना राजदूतचं वजन पेलवत नव्हतं त्यांची ती पहिली गाडी. ऐंशीच्या दशकात बजाजची एम-एटी आली, हातात गिअर, पुढे पाय ठेवायच्या जागेत खताची गोणी. ठिबकच्या नळीचं बंडल, जळालेली मोटर, कलमांचे क्रेट, काय काय नेलं नसेल तिच्यावर!

डिझेल बुलेट बघितलेली माणसं आता कमी राहिली. तिच्यात ३२५ सीसीचं, साडेसहा एचपीचं लोम्बार्डिनी डिझेल इंजिन. शेतातल्या छोट्या पंपाला जसं इंजिन असतं, त्याच घराण्यातलं. ज्या पिंपातून इंजिनाला डिझेल, त्यातूनच गाडीला. वेग बेताचा आणि धडधड अशी की बांधावरून ओळखू यावी कोण आलं. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ती बंद पडली. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणींनी तर नव्वदच्या दशकात बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि औजाराची दांडी बसवली. 'बुलेट सांती'. दुष्काळात बैल सांभाळणं परवडेना, म्हणून मोटरसायकलने कोळपणी, पेरणी. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांची दखल घेतली. आज आपल्याकडेही जुन्या गाडीचं कोळपं दिसतं, त्याची मुळं अशाच डोक्यांमध्ये आहेत.

१९८५ ला हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली आणि सगळं पालटलं. ९७ सीसी, फोर स्ट्रोक, ऑइल वेगळं, ॲव्हरेज राजदूतच्या दुपटीच्या आसपास. 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही तिची जाहिरात, म्हणजे पेट्रोल भरा आणि विसरा. १९९४ ला स्प्लेंडर आली आणि लोक खरोखरच विसरले. मी जुन्याचं कौतुक करतोय म्हणून स्प्लेंडरला नावं ठेवणार नाही. थ्री फेज रात्री दोनला येते तेव्हा मोटर चालू करायला जायचं, बिबट्याची भीती, अशा वेळी अर्ध्या किकला लागणारी गाडीच पाहिजे. तिथे प्लगचा रंग बघत बसायची हौस कुणाला?

पण स्प्लेंडरचाही कार्बोरेटर निदान उघडता यायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं आणि बहुतेक नवीन गाड्यांना इंजेक्शन आलं. धूर कमी झाला हे चांगलंच, आपणच तो खात होतो. अडचण दुसरी आहे. मागच्या कांदा लागवडीत आमच्या शेजाऱ्याची नवीन गाडी मळ्यात बंद पडली, मीटरवर पिवळा दिवा. चार जण जमले, चौघेही जुने जाणकार, कुणालाच हात लावता येईना. पिकअपमध्ये घालून नेली. एक सेन्सर गेलेला, लॅपटॉप जोडल्याशिवाय कळत नव्हतं. पार्ट यायला चार दिवस लागले, आणि तेवढे दिवस रोपं आणायला दुसऱ्याच्या गाडीची वाट बघितली. पुढे फवारणी पंप, पॉवर वीडर सगळंच असं होत जाईल. तालुक्याच्या आयटीआयमध्ये पोरं घालताना हे स्कॅनरचं काम शिकवतात का, ते विचारून घ्या. ओट्यावर बसून हे शिकता येत नाही.

आता ज्यांच्याकडे राजदूत, येझदी, एम-एटी किंवा कार्बोरेटरची स्प्लेंडर अजून चालू आहे त्यांच्यासाठी कामाचं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. जुनी रबरी नळी आणि वॉशर फुगतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. ऑइल मिसळलेलं पेट्रोल हंगामभर कॅनमध्ये साठवू नका, लागेल तेवढंच करा. टू स्ट्रोक फवारणी पंप आणि ब्रश कटरलाही हेच लागू.

आणि कुणाच्या माळ्यावर राजदूतचा पॉइंट सेट पडून असेल तर कळवा. आण्णांची गाडी अजून चालते, पण आहे तो पॉइंट घासून घासून कागदासारखा झालाय.