सी भाषेतील सामायिक लायब्ररी आणि पोर्टेबिलिटीचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास (१९७३ ते २०२४)

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या इतिहासात नव्या यंत्रांना आणि नव्या आज्ञावलींना जेवढे स्थान मिळते, तेवढे जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर चालती ठेवण्याच्या कामाला मिळत नाही. हे काम देखभालीचे असते. ते यशस्वी झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि फसले तरच त्याची चर्चा होते. सी भाषेत लिहिलेल्या सामायिक लायब्रऱ्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेषत्वाने दिसून येते.

सामायिक लायब्ररी म्हणजे अनेक आज्ञावलींना लागणारे काम एकदाच लिहून ठेवलेला संग्रह होय. फाइलचा आकार कमी करणे, संदेशाचे गुप्तलेखन करणे, तारखांचे गणित करणे अशी कामे प्रत्येकाने नव्याने न लिहिता अशा संग्रहातून घेतली जातात. संग्रह अनेकांचा असल्यामुळे तो अनेक यंत्रांवर तयार झाला पाहिजे. येथे दोन प्रश्न उभे राहतात. एका यंत्रावर लिहिलेली संहिता दुसऱ्या यंत्रावर तोच अर्थ देईल काय, हा पोर्टेबिलिटीचा प्रश्न. आणि ती संहिता दुसऱ्याच्या यंत्रावर कंपायलर, लिंकर व इतर साधनांच्या साहाय्याने मुळात तयार होईल काय, हा बांधणीचा म्हणजे बिल्डचा प्रश्न.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) सी भाषेच्या पोर्टेबिलिटीच्या प्रश्नाचा उगम स्पष्ट करणे.
२) हा प्रश्न सोडविण्यासाठी वेळोवेळी योजलेल्या उपायांचा आढावा घेणे.
३) या उपायांतून निर्माण झालेल्या नव्या अडचणींची, विशेषतः २०१४ व २०२४ मधील घटनांच्या संदर्भात, मीमांसा करणे.

प्रश्नाचा उगम : १९७३ ते १९७९

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्स ही कार्यप्रणाली जन्माला आली. आरंभी ती यंत्राच्या जवळच्या असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. १९७३ मध्ये तिचा गाभा डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या सी भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. तथापि, सी भाषा त्या वेळी प्रामुख्याने पीडीपी-११ या एकाच यंत्राच्या सहवासात वाढत होती. त्या यंत्रावर पूर्णांक आणि स्मृतीतील पत्ता दोन्ही १६ बिटांचे असत. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा वापरला तरी बिघडत नसे, आणि जे बिघडत नाही ते दुरुस्त करण्याची निकड कोणालाही वाटत नाही.

ही निकड १९७७ मध्ये निर्माण झाली. रिची आणि स्टीफन जॉन्सन यांनी युनिक्स ३२ बिटांच्या इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर नेण्याचे काम हाती घेतले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी स्वतंत्रपणे इंटरडेटा ७/३२ वर युनिक्स नेले. पीडीपी-११ वर दोन बाइटांच्या संख्येतील कमी किमतीचा बाइट आधी साठविला जाई; इंटरडेटावर हा क्रम उलट होता. एका यंत्राने लिहिलेली माहिती दुसऱ्याने जशीच्या तशी वाचली तर तिच्यातील बाइटांच्या जोड्या उलटसुलट होत. 'युनिक्स' या शब्दाची इंग्रजी अक्षरे अशा रीतीने बदलून 'नक्सी' असा शब्द तयार होतो, आणि पुढे या संपूर्ण समस्येलाच संगणकतज्ज्ञांच्या बोलीत 'नक्सी समस्या' हे नाव पडले.

या कामाचा अहवाल जॉन्सन आणि रिची यांनी १९७८ मध्ये बेल सिस्टिमच्या तांत्रिक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या काळात मिळालेल्या अनुभवाचे परिणाम भाषेवर झाले. चिन्हरहित पूर्णांक, युनियन, प्रकारांतर यांसारख्या सोयी भाषेत आल्या किंवा दृढ झाल्या. जॉन्सन यांनी विविध यंत्रांसाठी जुळवून घेता येईल असा कंपायलर तयार केला, तसेच संहितेतील संशयास्पद जागा दाखविणारे 'लिंट' हे साधनही दिले. माइक लेस्क यांनी लिहिलेल्या माहितीच्या आदानप्रदानाच्या संचातून पुढे सीची प्रमाण इनपुट-आउटपुट लायब्ररी विकसित झाली. सामायिक लायब्ररी हीच पोर्टेबिलिटीचे साधन होऊ शकते, हा विचार येथे प्रथम ठळकपणे दिसतो : यंत्रायंत्रांतील भेद लायब्ररीने पोटात घ्यावा आणि आज्ञावलीला एकच रूप दिसावे.

बोलीभेद आणि प्रमाणीकरण

१९८० च्या दशकात भेदाचे स्वरूप पालटले. यंत्रांबरोबर खुद्द युनिक्सच्याही शाखा झाल्या. बर्कली विद्यापीठाची बीएसडी आणि एटी अँड टी कंपनीची सिस्टिम फाइव्ह या दोन प्रमुख परंपरा होत. अक्षरमालेत एखादे अक्षर शोधण्याच्या कामाला एका परंपरेत 'इंडेक्स' म्हणत, तर दुसरीत 'स्ट्रसीएचआर'. काम एक, नावे दोन. वऱ्हाडी आणि मालवणी या दोन्ही बोली बोलणाऱ्यांसाठी एकच पुस्तक छापणाऱ्या प्रकाशकापुढे जी अडचण यावी, तशीच ही होती.

यावरचा राजमार्ग प्रमाणीकरणाचा होता. सी भाषेसाठी १९८३ मध्ये अमेरिकेत समिती नेमली गेली आणि १९८९ मध्ये प्रमाण सी भाषेला मान्यता मिळाली. १९९० मध्ये ती आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली. कार्यप्रणालीसाठी १९८८ मध्ये पॉसिक्स हे प्रमाण आले. १९९९ च्या सुधारित सी प्रमाणाने ठरावीक बिटांचे पूर्णांक नावानिशी उपलब्ध करून दिले. परंतु प्रमाणभाषा ठरल्याने बोली नाहीशा होत नाहीत. प्रमाणाने पूर्णांकाच्या विविध प्रकारांना किमान मर्यादा घालून दिली, नेमका आकार ठरविला नाही. त्यामुळे ६४ बिटांच्या यंत्रांचा काळ आल्यावर 'लाँग' हा प्रकार बहुतेक युनिक्सवर्गीय प्रणालींत ६४ बिटांचा झाला, तर विंडोजवर तो ३२ बिटांचाच राहिला.

इफडेफचा वाद

प्रमाण पुरेसे नसल्याने लेखकांनी हाताशी असलेला उपाय वापरला. सी भाषेत 'इफडेफ' ही सूचना आहे : अमुक प्रणाली असेल तर ही ओळ घ्यावी, अन्यथा ती घ्यावी. एकदोन ठिकाणी हा उपाय निरुपद्रवी ठरतो. परंतु दहा प्रणालींचे दहा पर्याय एकाच फाइलमध्ये आल्यावर मूळ काम काय आहे तेच वाचकाला कळेनासे होते. शिवाय प्रत्येक पर्यायाची चाचणी संबंधित यंत्राशिवाय घेता येत नाही.

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कोलियर यांनी १९९२ मध्ये युझनिक्स परिषदेत सादर केलेल्या निबंधात या पद्धतीवर कठोर टीका केली. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा की, भेद संहितेत सर्वत्र पसरू न देता तो एका ठरावीक सीमेपलीकडे ठेवावा. मूळ आज्ञावली एका आदर्श प्रणालीसाठी लिहावी आणि ज्या यंत्रावर त्या प्रणालीतील एखादे कार्य नसेल, तेथे ते कार्य वेगळ्या फाइलमध्ये लिहून पुरवावे. हे तत्त्व सोपे दिसले तरी त्यासाठी आधी नीट विचार करावा लागतो. इफडेफची ओळ मात्र घाईच्या वेळी पाच मिनिटांत लिहिता येते. व्यवहारात दीर्घकाळ इफडेफच वरचढ राहिला, याचे कारण येथे सापडते.

बांधणीचे स्वयंचलन

बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केलेल्या 'मेक' या साधनाने बांधणीचे टप्पे लिहून ठेवण्याची सोय केली होती. तथापि, कोणत्या यंत्रावर कोणता पर्याय निवडावा हे वापरणाऱ्यालाच ठरवावे लागे. १९९१ मध्ये ग्नू प्रकल्पाच्या साधनांची देखभाल करणारे डेव्हिड मॅकेन्झी यांच्या लक्षात आले की, वापरणाऱ्याने हाताने निवडायच्या पर्यायांची संख्या सुमारे २० वर गेली आहे. या त्रासातून 'ऑटोकॉन्फ' हे साधन जन्माला आले.

ऑटोकॉन्फचा विचार मूलगामी होता. यंत्राचे नाव विचारण्याऐवजी यंत्राची परीक्षा घ्यावी, हे त्याचे सूत्र. 'कॉन्फिगर' नावाची लिपी वापरणाऱ्याच्या यंत्रावर छोट्या छोट्या आज्ञावली तयार करून पाहते आणि त्यावरून कोणती सोय आहे व कोणती नाही हे नोंदविते. ही लिपी लेखकाच्या यंत्रावर आपोआप निर्माण केली जाते आणि प्रकाशनाच्या संचात तयार स्वरूपात घातली जाते. वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ असण्याची गरज नसावी, साधे शेल आणि कंपायलर पुरावेत, हा त्यामागील हेतू. त्या काळी ही मोठीच सोय होती. मात्र या सोयीमुळे लेखकांनी लिहिलेली संहिता आणि प्रत्यक्ष वाटला जाणारा संच या दोहोंत कायमचा फरक पडला. या फरकाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

सामायिक लायब्ररीची बांधणी तर अधिकच बिकट होती, कारण ती तयार करण्याच्या सूचना आणि तिच्या फाइलचे रूप प्रत्येक प्रणालीवर निराळे असते. त्यासाठी १९९६ मध्ये गॉर्डन मात्झिगकाइट यांनी 'लिबटूल'चे काम आरंभिले. पुढे 'ग्नूलिब' हा संहितासंग्रह आकारास आला. यातील फाइल लेखक आपल्या प्रकल्पात नक्कल करून घेतो आणि प्रणालीत एखादे कार्य नसेल किंवा सदोष असेल तर ग्नूलिबमधील पर्याय त्याची जागा घेतो. स्पेन्सर-कोलियर यांच्या तत्त्वाशी हा मार्ग सुसंगत म्हणता येईल.

यंत्राच्या परीक्षेलाही मर्यादा आहेत, हे एका प्रसिद्ध दोषावरून ध्यानात येते. स्मृती मागणाऱ्या 'मॅलॉक' या कार्याला शून्य बाइट मागितले असता काय मिळावे, हे प्रमाणाने प्रणालीवर सोडले आहे. ऑटोकॉन्फमधील एक चाचणी हे प्रत्यक्ष चालवून पाहते आणि अपेक्षित उत्तर न मिळाल्यास मॅलॉकचे नाव बदलून 'आरपीएल मॅलॉक' करते, जेणेकरून लेखकाने दिलेला पर्याय वापरला जावा. परंतु मोबाइल किंवा राउटरसाठीची बांधणी दुसऱ्याच संगणकावर केली जाते. तेथे तयार झालेली चाचणी चालविता येत नाही आणि साधन अनेकदा प्रतिकूल अंदाज बांधते. लेखकाने पर्याय दिलेला नसेल तर 'आरपीएल मॅलॉक सापडत नाही' असे सांगून लिंकर थांबतो. मूळ संहितेत कोठेही नसलेल्या नावाचा शोध घेत बसण्याची पाळी मग दुरुस्ती करणाऱ्यावर येते.

दोन घटना आणि त्यांचा बोध

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीतील 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला. दोषाचे मूळ कारण पोर्टेबिलिटी नव्हते; आलेल्या संदेशाची लांबी न तपासणे हे होते. परंतु त्यानंतर संहितेचे जे वाचन झाले त्यात कालबाह्य प्रणालींसाठी ठेवलेले असंख्य पर्याय समोर आले. मॅलॉक मंद असलेल्या प्रणालींच्या सोयीसाठी लायब्ररीने स्मृतीच्या फेरवापराची स्वतःची व्यवस्था ठेवली होती आणि तिच्यामुळे आधुनिक प्रणालींचे संरक्षक उपाय निष्प्रभ होत, अशी टीका ओपनबीएसडी गटाने केली. या गटाने त्याच महिन्यात 'लिब्रेएसएसएल' ही शाखा काढली. मूळ संहिता एका आधुनिक प्रणालीसाठी लिहायची आणि इतरांना लागणारी कार्ये वेगळ्या थरात पुरवायची, हे धोरण तिने स्वीकारले. १९९२ मधील तत्त्व २२ वर्षांनी अशा रीतीने व्यवहारात उतरले.

दुसरी घटना अधिक गंभीर होय. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी 'एक्सझेड' या संकोचन-लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरवाट घातल्याचे जाहीर केले. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, या क्षुल्लक वाटणाऱ्या निरीक्षणावरून त्यांनी शोध सुरू केला होता. चोरवाटेचा मुख्य भाग चाचणीसाठीच्या, वाचता न येणाऱ्या फाइलींत दडविलेला होता. तो बाहेर काढणारी सूचना मात्र ग्नूलिबमधील 'बिल्ड-टू-होस्ट' या बांधणीच्या फाइलच्या बदललेल्या नकलेत होती. ही बदललेली नक्कल सार्वजनिक संहितासंग्रहात नव्हती. ती केवळ वाटल्या जाणाऱ्या संचात होती.

संचात संग्रहाबाहेरच्या फाइल असणे हे कोणालाही वावगे वाटले नाही, कारण १९९० च्या दशकापासून तशीच रीत होती. एम-फोर भाषेतील शेकडो ओळी कोणी वाचत नाही, हेही सर्वांना ठाऊक होते. ज्या लायब्ररीवर असंख्य संगणक विसंबून होते तिची देखभाल दीर्घकाळ प्रामुख्याने एकच व्यक्ती स्वयंसेवेने करीत होती आणि मदतीच्या मिषाने विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावाने हा घात केला. हा हल्ला केवळ तांत्रिक नव्हता. देखभालीच्या कामाकडे झालेल्या दुर्लक्षाचा त्याने लाभ उठविला.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार

भारतातील अनेक महाविद्यालयांत सी भाषेचे अध्यापन दीर्घकाळ टर्बो सी या कंपायलरवर झाले. त्यावर पूर्णांक दोन बाइटांचा असल्याने 'इंट दोन बाइटांचा असतो' हे विधान भाषेचा नियम म्हणून वह्यांत उतरले. पडदा पुसण्याचे 'क्लियरस्क्रीन'सारखे कार्यही भाषेचाच भाग समजले गेले. वस्तुतः पहिले विधान एका कंपायलरपुरते खरे आहे आणि दुसरे कार्य प्रमाण सीमध्ये नाहीच. विद्यार्थ्याला लिनक्सवर आपली आज्ञावली न चालण्याचा अनुभव येतो, तेव्हा तो वस्तुतः १९७७ मधील प्रश्नापाशीच पोहोचलेला असतो. हा अनुभव टाळण्याऐवजी एकच आज्ञावली दोन कंपायलरांवर तयार करून तफावतीची कारणे लिहिण्याचे प्रात्यक्षिक घेतल्यास भाषा आणि यंत्र यांतील सीमारेषा विद्यार्थ्यांना स्पष्ट होईल.

निष्कर्ष

१) यंत्रायंत्रांतील भेद कोणत्याही उपायाने नाहीसा झाला नाही, तो आज्ञावलीतून हेडरमध्ये, तेथून इफडेफमध्ये आणि तेथून बांधणीच्या लिप्यांत सरकला.
२) प्रत्येक स्थलांतरात वापरणाऱ्याची सोय वाढली, त्याचबरोबर भेद हाताळणारी संहिता वाचणाऱ्यांची संख्या घटत गेली.
३) प्रमाण प्रणालीसाठी लेखन आणि उणिवांसाठी स्वतंत्र, लहान थर हे तत्त्व इतिहासाच्या कसोटीला अधिक उतरते, कारण त्यात भेद वाचनीय राहतो.
४) बांधणीच्या फाइल या दुय्यम नसून संहितेचाच भाग होत. त्यांचे परीक्षण मूळ संहितेइतक्याच काटेकोरपणे होणे आणि वाटला जाणारा संच सार्वजनिक संग्रहाशी ताडून पाहणे आवश्यक आहे.
५) सामायिक लायब्ररीचा लाभ सर्व घेतात, परंतु देखभालीचा भार थोड्यांवर पडतो. हे काम श्रेयाचे आणि अभ्यासाचे मानले गेले नाही, तर त्याची किंमत अखेर सर्वांनाच मोजावी लागते, हे २०२४ च्या घटनेने दाखवून दिले आहे.