चाकाची जागा : डभोईचे रूळ आणि आजची मोटार

चाक नुसते गोल व मजबूत असून भागत नाही. ते कोठे बसवावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो. बडोदे संस्थानात हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. खंडेराव महाराज गायकवाड यांच्या कारकिर्दीत, 1862 साली, डभोई ते मियागाम असा लोहमार्ग तयार झाला. मुख्य रेल्वेच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असे. या मार्गावर ते अवघे अडीच फूट होते. अरुंद मार्गाला जमीन थोडी लागते, पूलही हलके चालतात. या रुळांवरून गाड्या ओढीत ते बैल!

पुढच्याच वर्षी नीलसन कंपनीचे इंजिन आले. परंतु बैलगाड्यांच्या बेताने टाकलेल्या रुळांना त्याचा भार सोसेना, आणि बैल कामावर कायम राहिले. 1873 मध्ये भक्कम रूळ घातले गेले. इंजिने नियमित धावू लागली ती 1880 पासून. चाकांमधले अंतर तेच होते. कमी पडली होती ती त्यांखालची ताकद.

बडोद्याजवळ हलोल येथे 1996 साली जनरल मोटर्सच्या ओपेल मोटारी तयार होऊ लागल्या. मोटारीला रूळ नसतात, तरी चाकाच्या जागेचा हिशेब तिलाही चुकत नाही. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि ते जेथे बोल्टांनी आवळले जाते तो पृष्ठभाग, यांतील अंतराला ऑफसेट म्हणतात. हा पृष्ठभाग मध्यापासून बाहेरच्या बाजूस असेल, तर ऑफसेट धन समजतात. समजा, तो 45 मिलिमीटरांवरून 25 वर आणला, तर प्रत्येक चाक 20 मिलिमीटर बाहेर सरकते आणि दोन चाकांमधले अंतर 40 मिलिमीटरांनी वाढते. गाडी रुंद दिसते, वळणावर अधिक स्थिरही वाटते.

परंतु त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. लांब दांड्याच्या पहारीने जोर वाढावा, तसा बाहेर गेलेल्या चाकाचा जोर बेअरिंगवर आणि सस्पेन्शनच्या सांध्यांवर वाढतो. स्प्रिंग जणू मऊ पडते. खड्ड्यात एक चाक आदळले की सुकाणू हाताला हिसका देते. टायर मडगार्डला घासण्याचा संभव असतो. उलट, ऑफसेट फार वाढविला तर चाक आत सरकून ब्रेकला किंवा शॉक अॅब्सॉर्बरला भिडू शकते. म्हणून नवी चाके घेताना त्यांचा आकार व नक्षी एवढेच पाहून चालत नाही. कारखान्याने ठरविलेला ऑफसेटही पाहावा लागतो.

जानेवारी 2021 मध्ये डभोईहून केवडियाकडे रुंद मार्गाची रेल्वे सुरू झाली. अरुंद मार्ग रुंद करावयाचा तर रूळ बाजूला सरकवून भागत नाही; भराव, पूल, डबे, इंजिने, सारेच त्या मापाचे लागते. रेल्वेच्या इंजिनियरांना हे पक्के ठाऊक असते. चार चाके बदलून मोटार सजविणाऱ्याने मात्र, वाढलेला भार आता कोण उचलणार, हे आधी विचारून घेतलेले बरे.