पडद्यावरची पहिली तारामती

नासिकहून सातपुरावरून जाणारा रस्ता त्र्यंबकेश्वरास, दादासाहेब फाळक्यांच्या जन्मगांवीं, पोंचतो. १९१३ सालीं फाळक्यांनीं आपली चित्रपटनिर्मिति मुंबईहून नासिकास आणिली. त्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे. त्यांच्या तारामतीचें नांव मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें.

‘राजा हरिश्चंद्र’ काढतांना कॅमेऱ्यापुढें उभी राहावयास एकही योग्य स्त्री मिळेना. अखेर मुंबईच्या एका उपाहारगृहांत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाच्या नाजूक हातांकडे फाळक्यांचें लक्ष गेलें, असें सांगतात. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत दबक्यांच्या हरिश्चंद्राशेजारीं साळुंक्यांची तारामती लोकांनीं पाहिली.

रंगभूमीवर बालगंधर्वांना रूपाइतकाच गळाही लागे. मूकपटांत कंठ मुका. सारी भिस्त नेत्रांवर आणि हातांवर. जपानांतही आरंभींच्या चित्रपटांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. ‘मोहिनी भस्मासुर’मध्यें दुर्गाबाई कामत व कमलाबाई पडद्यावर आल्या, तरी साळुंक्यांची गरज सरली नाहीं. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्यें राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनींच केल्या. पुढें ते छायालेखनही करूं लागले.

स्वयंपाकघरांतून पडद्यावर आणि पडद्यावरून कॅमेऱ्यामागें, असा हा प्रवास. भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्यांत या हातांचाही वांटा आहे.