पाठ सांभाळणाऱ्या बायका

वॉर्डात नवीन मुलगी रुजू झाली की मी तिला आधी पेशंटची पाठ बघायला लावायची. माकडहाड, दोन्ही खुबे, खांद्याच्या पात्या, टाचा. कुठं लाल दिसतंय का? बोटानं दाब आणि सोड. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे. लालच्या लाल राहिलं तर आत इजा सुरू झालीय. हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या मांसाला रक्त पोचत नाही, त्यातून बेडसोर होतो. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. लकवा झालेला जडसा माणूस भाकरीसारखा उलटता येत नाही. एकीनं खांदा आणि खुबा धरून आपल्याकडे वळवायचं, दुसरीनं पाठीमागं उशी सारायची, खाली आडव्या अंथरलेल्या ड्रॉशीटची सुरकुती काढायची, ओलं असेल तर बदलायचं. मग चार्टवर वेळ आणि कूस लिहायची. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. नर्सचं काम कसं असतं असं कुणी विचारलं की लोकांच्या डोळ्यांपुढं इंजेक्शन असतं. माझ्या डोळ्यांपुढं पाठ असते.

बेडसोर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या पुस्तकात मांडलं. आमच्या मेट्रननं हा मुद्दा आमच्याकडून घोटून घेतला होता. पण आपल्याकडे त्याआधीचा प्रश्न वेगळाच होता. परक्या माणसाच्या पाठीला हात लावणार कोण?

परक्याच्या अंगाला हात लावायचा, त्याचं मलमूत्र काढायचं, जात विचारायची नाही आणि वर रात्री घराबाहेर राहायचं. हे सगळं एका बाईनं करणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. त्यात दवाखान्याची भीती. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरोघर सक्तीची तपासणी झाली, आजाऱ्यांना उचलून नेलं, तेव्हा ही भीती घराघरांत बसली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत हडपसरजवळच्या सासाणे मळ्यात रुग्णांची सेवा करत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला उचलून आणताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, पण आमच्या धंद्याची वंशावळ लिहायची झाली तर मी त्यांचं नाव सर्वांत वर लिहीन.

शिकून नर्स होण्याची वाट पुण्यात रमाबाई रानडे यांनी रुंद केली. १९०९ साली पुणे सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. सेवासदननं बायकांना, त्यांतही विधवांना, नर्सिंग आणि सुईणपणाच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवलं आणि त्यांच्या राहण्याची सोय केली. ही राहण्याची सोय मला फार मोठी वाटते. मुलगी रात्री कुठं झोपणार, हा एकच प्रश्न घरातल्या माणसांचं तोंड बंद करायचा किंवा उघडायचा. माजघराच्या कोपऱ्यात आयुष्य काढायचं ठरलेल्या त्या बायका वॉर्डात उभ्या राहिल्या, पगार घेऊ लागल्या. रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. त्या पहिल्या मुलींची नावं मला कुणी शिकवली नाहीत.

त्यानंतर साठेक वर्षांनी मी नर्सिंगला गेले. पहिल्या सुट्टीला घरी आले तेव्हा आजीनं मागच्या दारी पाण्याची बादली भरून ठेवली होती. अंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी यायचं नाही. माझी ही गत, तर त्या विधवांना काय काय ऐकावं लागलं असेल!

संख्येचं म्हणाल तर स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या अहवालानं हिशेब मांडला. देशात ४३,००० लोकांमागे एक नर्स.

कामाची रीतही बदलत गेली. आम्हाला बॅक केअरचा ट्रे लावायला शिकवलं त्यात स्पिरिट आणि पावडर असायची. लाल झालेल्या जागी गोल गोल चोळायचं. खाली हवेची रिंग द्यायची. पुढं कळलं की स्पिरिटनं कातडी कोरडी पडते, हाडावरची लाल जागा चोळल्यानं आतलं मांस आणखी दुखावतं आणि रिंगच्या कडेवरच दाब येतो. चोळणं गेलं, रिंग गेली, एअर मॅट्रेस आली. कूस बदलणं मात्र राहिलंच. त्याला अजून पर्याय निघालेला नाही.

या कामाची सर्वांत मोठी साक्ष मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला. मेंदूला इजा झाली आणि त्या अंथरुणाला खिळल्या. नर्सनी संप केला. ऐंशीच्या दशकात त्यांना केईएममधून हलवायचे प्रयत्न झाले, तेव्हाही नर्स आडव्या उभ्या राहिल्या. पिढ्या बदलल्या. १९७३ साली जन्मलेल्याही नव्हत्या अशा मुलींनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. त्यांच्यासाठी केलेल्या दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही याची नोंद न्यायालयानं घेतली. दयामरणाच्या कायद्यावर त्या निकालाची चर्चा खूप झाली. आम्ही नर्सनी वाचलं ते हे एक वाक्य. १८ मे २०१५ ला अरुणा न्यूमोनियानं गेल्या. साडेएकेचाळीस वर्षं दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे किती रात्री, किती हात, हे वॉर्डात काम केलेल्या बाईलाच कळतं.

अशी पाठ एकटीच्या निष्ठेवर सांभाळली जात नाही, त्याला माणसं लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी. मी नोकरीत असताना नाइटला अख्ख्या वॉर्डात दोघी असलो तर नशीब समजायचो. कूस बदलायला दुसरे दोन हात म्हणून वॉर्डातल्या मावशींना हाक मारायची. तुमचं माणूस ॲडमिट असेल आणि तुम्ही रात्री उशाशी बसला असाल, तर वॉर्डातल्या खाटा मोजा आणि ड्यूटीवरच्या नर्स मोजा. तक्रारवहीत लिहायचंच असेल तर सिस्टर उशिरा आल्या असं लिहू नका, हे दोन आकडे लिहा.