राधामाधवविलासचंपूतील नारळ
जयराम पिंड्ये या कवीच्या शहाजीराजांवरील गद्यपद्यमिश्रित संस्कृत काव्यातील संकेत (१७ वे शतक). दरबार बंगळूरचा.

जयरामाने राजांपुढे बारा नारळ मांडले. हे कशाला, असे विचारताच उलगडा झाला: आपण बारा भाषांत कविता करतो. नारळ इथे नुसती भेट नव्हे. संस्कृत काव्यशास्त्रात ‘नारिकेलपाक’ म्हणजे कवटी फोडल्यावरच रस देणारी रचना. टीकाकार मल्लिनाथाने भारवी या संस्कृत कवीच्या वाणीला नारळाचीच उपमा दिली. जयरामाच्या मनात ती असावी, हा अर्थात तर्क.

शीर्षकात राधामाधव असले, तरी पुढे काव्य शहाजींकडेच वळते. वि. का. राजवाडे यांनी ते १९२२ मध्ये प्रदीर्घ प्रस्तावनेसह छापले. प्रस्तावनाच जास्त गाजली.